नाव तेच, पासवर्ड तोच, तरी फोल्डर उघडेना: विंडोज ११ नंतरच्या परवानग्यांचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी असलेलं करसल्लागाराचं कार्यालय. एक मोठं झेरॉक्स-स्कॅनर मशीन आणि पाच संगणक, त्यातला एक कोपऱ्यातला डेस्कटॉप, ज्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. तो काही खरा सर्व्हर नाही. साधं विंडोजचं मशीन, सी ड्राइव्ह एसएसडीवर आणि डी ड्राइव्ह वेगळ्या एक टीबीच्या हार्डडिस्कवर. पण अशिलांच्या फायली, टॅलीचा डेटा, दोन-तीन कारखान्यांची पगारपत्रकं, जुन्या नोटिसांची उत्तरं, सगळं त्याच डी ड्राइव्हवर. बाकीचे चारजण आपापल्या टेबलावरून नेटवर्कने तिथे जाऊन काम करतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हे मशीन विंडोज ११ वर नेणं भागच होतं. प्रोसेसर दहाव्या पिढीचा, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हजर, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. आहे त्या विंडोजवरच अपग्रेड केलं असतं तर यूजर, पासवर्ड, शेअरिंग सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण मशीन मंद झालं होतं म्हणून काम करणाऱ्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज ११ नव्याने टाकलं. डी ड्राइव्हला हात लावला नाही, म्हणजे डेटा सुखरूप. जुन्याच नावांनी यूजर पुन्हा तयार केले, पासवर्डही जुनेच दिले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात वेगवेगळ्या तक्रारी सुरू झाल्या. हेडक्लार्क काकांचं टॅली डेटाचं फोल्डरच उघडेना. जीएसटीचं काम बघणाऱ्या ताईंच्या एक्सेल फायली उघडत होत्या, पण सेव्ह होत नव्हत्या. आर्टिकलशिपच्या, म्हणजे उमेदवारी करणाऱ्या मुलाचं मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. आणखी एका टेबलावरून 'सर्व्हर'च सापडत नव्हता. महिन्याची ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत, दोन दिवसांवर आलेली.

फोनवर त्या माणसाने सांगितलेला उपाय सगळीकडे सांगितला जातो तोच: फोल्डरच्या सिक्युरिटीत जाऊन 'एव्हरीवन', म्हणजे सगळेच, घाला, फुल कंट्रोल द्या, खालच्या सगळ्या फायलींना तेच लागू करा. काकांनी घाईत एका फोल्डरवर ते केलं, आणि ते फोल्डर नेमकं पगारपत्रकांचं निघालं. दुपारपर्यंत एका कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराचा पगार, बँक खातं आणि पॅन पाचही टेबलांवरून दिसू लागलं. कार्यालयाच्या प्रमुख मॅडमच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी पुढचं सगळं थांबवायला सांगितलं. आमच्याकडे काम आलं ते इथून पुढचं.

मॅडमचा पहिला प्रश्न होता, "नावं तीच आहेत, पासवर्ड तेच आहेत. मग विंडोज ओळखत का नाही?"

विंडोज नाव वाचत नाही

एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर प्रत्येक फोल्डरसोबत एक यादी असते: कुणाला वाचता येईल, कुणाला लिहिता येईल, कुणाला नाही. त्या यादीत नावं नसतात. असतात ते ओळखक्रमांक. त्यांना एसआयडी म्हणतात. एखाद्या मशीनवरच्या यूजरचा एसआयडी एस-१-५-२१ ने सुरू होतो, पुढे त्या विंडोजचे स्वतःचे तीन मोठे आकडे येतात आणि शेवटी यूजरचा क्रमांक. नव्याने केलेल्या यूजरना १००० पासून पुढचे क्रमांक मिळतात. मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा क्रमांक नेहमी ५००, गेस्टचा ५०१.

विंडोज नव्याने टाकलं की मधले तीन आकडे बदलतात. शाळा बदलली की मुलाचं नाव तेच राहतं, पण जनरल रजिस्टरवरचा नंबर नवा पडतो, तसंच हे. काकांचा नवा यूजर नावाने जुनाच, पण डी ड्राइव्हच्या यादीत होता त्यांचा जुना क्रमांक. सिक्युरिटीच्या खिडकीत अशा ठिकाणी 'अकाउंट अननोन' आणि पुढे लांबलचक आकडा दिसतो. बरेचजण तो कचरा समजून पुसून टाकतात. इथे तसं करायचं नव्हतं.

मग आर्टिकलच्या मुलाचं काम कसं चालू होतं? याच प्रश्नातून पुढची सगळी वाट सापडली. काही गटांचे एसआयडी जगातल्या प्रत्येक विंडोजवर एकच असतात. ॲडमिनिस्ट्रेटर्स म्हणजे एस-१-५-३२-५४४, यूजर्स म्हणजे एस-१-५-३२-५४५, आणि पासवर्ड देऊन आत आलेला कुणीही, ऑथेंटिकेटेड यूजर्स, म्हणजे एस-१-५-११. डेटासाठी नवी डिस्क फॉरमॅट केली की तिच्या मुळाशी ऑथेंटिकेटेड यूजर्सना आपोआप 'मॉडिफाय', म्हणजे वाचायची-बदलायची परवानगी मिळते, आणि खालची फोल्डरं वरचीच परवानगी घेतात. त्यामुळे ज्या फोल्डरांवर कुणी कधी काही ठरवलंच नव्हतं, ती नव्या विंडोजवरही बिनबोभाट उघडली. मुलाचं सगळं काम अशाच फोल्डरांत होतं.

बंद पडली ती फोल्डरं वेगळी होती. तिथे पूर्वी कुणीतरी विचार करून ठरवलं होतं की हे फक्त काकांनी आणि मॅडमनी बघायचं, हे ताईंनी लिहायचं आणि इतरांनी फक्त वाचायचं. ताईंच्या एक्सेलचं कोडंही असंच सुटलं. वाचायची परवानगी यूजर्स गटाला होती, ती टिकली. लिहायची ताईंच्या जुन्या क्रमांकाला होती, ती निरुपयोगी झाली.

म्हणून माझं ठाम मत आहे की अपग्रेडनंतर अडणारं प्रत्येक फोल्डर म्हणजे कार्यालयाने पूर्वी घेतलेला एक निर्णय असतो. कुठे काय गुप्त ठेवायचं हे या कार्यालयात कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्या 'अननोन' आकड्यांत शिल्लक होतं. 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' हा उपाय तो निर्णय पुसून टाकतो, आणि पुसतो तो नेमका जिथे सगळ्यात जास्त जपायला हवा होता तिथे.

आधी नोंद

त्यामुळे कुणालाही प्रवेश देण्याआधी डी ड्राइव्हची एक पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मग परवानग्यांची नोंद करायला बसलो. विंडोजमध्ये आयकॅक्ल्स नावाची कमांड आहे. तिला सेव्हचा पर्याय देऊन ॲडमिनच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवलं की सगळ्या फोल्डरांच्या याद्या एका मजकूर फायलीत उतरतात, आणि पुढे काही बिघडलं तर रिस्टोअरने परत बसवता येतात. मात्र ती मालकाची, म्हणजे फाइल कुणाच्या नावावर आहे याची, नोंद ठेवत नाही. ती पॉवरशेल या दुसऱ्या कमांडच्या खिडकीतल्या गेट-एसीएलने वेगळी काढून घ्यावी लागते. आम्हाला पुढे सगळ्यात जास्त उपयोग या मालकांच्या यादीचाच झाला.

दोन फोल्डरांच्या याद्या ॲडमिनलाही वाचता येईनात, कारण पूर्वी कुणीतरी तिथून ॲडमिनिस्ट्रेटर्स गटच काढून टाकला होता. अशा वेळी मालकी आपल्याकडे घेणारी टेकओन ही कमांड वापरतात, पण ती कशी चालवायची यात मोठा फरक आहे. आतल्या सगळ्या फोल्डरांसकट आणि प्रत्येक प्रश्नाला आधीच 'हो' असं उत्तर देऊन ती चालवली, तर जिथे आत डोकावायची परवानगी नसेल तिथली जुनी यादी ती पुसते आणि तुम्हाला फुल कंट्रोल देऊन टाकते. जे वाचायला आलो तेच गेलं. म्हणून फक्त वरच्या एका फोल्डरची मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाकडे घेतली. मालकाला यादी वाचायचा हक्क असतोच. वाचली, उतरवून घेतली, मग एक पायरी खाली. वेळखाऊ आहे, पण अशी फोल्डरं कुठल्याही छोट्या कार्यालयात मूठभरच असतात.

मॅडमच्या लॉगिनने आणखी एक गुंता केला होता. फोल्डर उघडताना 'तुम्हाला सध्या परवानगी नाही, कंटिन्यू दाबल्यास कायमची मिळेल' असा निरोप यायचा आणि त्या दरवेळी कंटिन्यू दाबायच्या. त्यात चूक काहीच नाही, स्क्रीनच तसं सुचवते. पण त्या एका बटणाने त्यांचा नवा वैयक्तिक यूजर त्या फोल्डरच्या आणि आतल्या फायलींच्या याद्यांत जाऊन बसतो. नवं विंडोज टाकताना तो यूजर ईमेलवरून बनलेला, त्याच्या फोल्डरचं नावही ईमेलची पहिली पाच अक्षरं. उद्या हे मशीन पुन्हा फॉरमॅट झालं की हजारो फायलींवर आणखी एक 'अननोन' आकडा. त्या नोंदी शेवटी आम्ही काढून टाकल्या.

आकड्यांमागची माणसं

यादीत एकूण सात जुने एसआयडी निघाले, शेवटचे क्रमांक १००१ ते १००७. माणसं मात्र पाच.

जुनी सी ड्राइव्ह हाताशी असती किंवा जुनं विंडोज जपून ठेवणारं विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर उरलं असतं, तर हे काम बरंच सोपं होतं. जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीची, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या साठ्याची, सॉफ्टवेअर नावाची फाइल रेजएडिट या प्रोग्रॅममध्ये 'लोड हाइव्ह'ने उघडायची आणि प्रोफाइललिस्ट बघायची. त्या मशीनवर प्रत्यक्ष लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या एसआयडीसमोर त्या यूजरच्या फोल्डरचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. इथे सी ड्राइव्ह पुसली गेली होती, तेव्हा पुरावे डी ड्राइव्हवरच शोधायला लागले.

पहिला पुरावा वर्डच्या फायलींत मिळाला. नेटवर्कवरून फाइल बनवली तरी तिचा मालक म्हणून 'सर्व्हर'वरच्या यूजरचा एसआयडी लागतो. दुसरीकडे वर्ड आणि एक्सेल फायलीच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव स्वतंत्रपणे लिहून ठेवतात. नोटिसांच्या उत्तरांच्या फोल्डरात एक फाइल उघडली: मालक १००३ ने संपणारा आकडा, लेखक म्हणून काकांचं आडनाव. शेजारच्या फायलींतही तीच जोडी. तासाभरात १००२, १००३ आणि १००५ यांची माणसं नक्की झाली. एका जोडीवर विसंबायचं नाही, कारण जुनी फाइल उघडून 'सेव्ह ॲज' केली तर लेखक जुना राहतो आणि मालक नवा लागतो. पाच-दहा ठिकाणी तेच दिसलं तरच धरायचं.

दुसरा पुरावा रिसायकल बिनचा. डेस्कटॉपवर दिसतो एकच डबा, पण प्रत्येक ड्राइव्हच्या मुळाशी रिसायकल बिनचं एक लपलेलं फोल्डर असतं आणि त्याच्या आत दर यूजरमागे एक फोल्डर, नाव म्हणून थेट एसआयडी. पुसलेल्या प्रत्येक फायलीची एक छोटी सोबतीण तिथे असते, जिच्यात मूळ पत्ता आणि पुसल्याची वेळ राहते. नेटवर्कवरून पुसलेल्या फायली तिथे जात नाहीत, त्यामुळे 'सर्व्हर'वर प्रत्यक्ष बसून काम करणाऱ्यांचेच माग इथे मिळतात. १००१ च्या डब्यात बँकेचे उतारे, आयकराच्या मसुद्यांच्या प्रती. मॅडम बघताक्षणी म्हणाल्या, "हे माझंच. पूर्वी मी याच मशीनवर बसायचे."

१००४ हा आर्टिकलच्या मुलाच्या जागी आधी असलेल्या मुलीचा निघाला. काकांना तिच्या कामाची सगळी अशिलं आठवत होती. १००६ स्कॅनर मशीनसाठी केलेला यूजर, त्याच्या नावावर फक्त स्कॅन फोल्डरातल्या पीडीएफ. १००७ कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या नावावर एकही फाइल नव्हती, फक्त दोन फोल्डरांवर वाचायची परवानगी होती. ज्याची ओळख पटत नाही त्याला नव्या रचनेत जागा द्यायची नाही, एवढं ठरवलं.

पगारपत्रकांच्या फोल्डरची जुनी यादी 'एव्हरीवन'खाली कायमची गेली होती, पण मालक बदलले नव्हते. सगळ्या फायली १००१ आणि १००३ यांच्याच नावावर. मॅडम आणि काका. तेवढ्यावरून ते फोल्डर पुन्हा दोघांपुरतं केलं, आणि हे काम सगळ्यात आधी केलं.

नवी मांडणी

जुन्या आकड्याच्या जागी नवा यूजर घातला असता तर कामं लगेच सुरू झाली असती, पण पुढच्या फॉरमॅटला हाच प्रसंग पुन्हा आला असता. म्हणून परवानगी माणसाला न देता गटाला दिली. गटांचे क्रमांकही नव्या विंडोजवर बदलतात, हे खरं. पण तेव्हा चार गट नव्याने बांधून चार ओळी चालवायच्या असतात, आकड्यांमागची माणसं शोधत बसावं लागत नाही. गट केले चार: हिशेब, जीएसटी, पगार आणि संपूर्ण कार्यालय. मशीनवर विंडोज ११ प्रो होतं, त्यामुळे यूजर आणि गटांची खिडकी उपलब्ध होती. होम आवृत्तीत ती नसते.

प्रत्येक गटाला दिलं ते मॉडिफाय, फुल कंट्रोल नाही. मॉडिफायमध्ये वाचणं, लिहिणं, पुसणं सगळं येतं. येत नाही ते मुख्यतः दुसऱ्याच्या परवानग्या बदलणं आणि मालकी घेणं, आणि ते रोजच्या कामात कुणाला लागतही नाही. मॉडिफायपेक्षा कमी दिलं तर मात्र एक्सेल अडतं. सेव्ह करताना ते त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल बनवतं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. लिहायची परवानगी आहे पण पुसायची नाही, अशा फोल्डरात आठ आकडी-अक्षरी नावांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या अनाथ फायली साचतात. ताईंच्या फोल्डरात अशा डझनभर फायली पडल्या होत्या, म्हणजे हा त्रास विंडोज ११ येण्याआधीपासूनचा होता. ताई म्हणाल्या, "मला वाटायचं एक्सेलच असं करतं."

परवानगी प्रत्येक विभागाच्या वरच्या फोल्डरवर दिली आणि खालच्या सगळ्यांना आयकॅक्ल्सच्या रीसेटने वरूनच घ्यायला लावली. रीसेट वरच्या फोल्डरवर चालवायचं नाही, त्याच्या पोटातल्यांवर चालवायचं. नाहीतर आत्ताच दिलेली परवानगीही उडते. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्टने हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या सोबत नेते आणि कॉपी केलेली नव्या जागेच्या घेते. पगाराच्या फोल्डरातून सामायिक फोल्डरात हलवलेली एक यादी म्हणूनच बाकीच्यांना उघडत नव्हती, आणि वर्षभर सगळे फाइल खराब झाली असं समजत होते. रीसेटनंतर तीही उघडली.

नेटवर्कच्या तक्रारींचं कारण वेगळं होतं, ते भराभर उरकलं. नव्या विंडोजने मशीनला स्वतःच्या मनाचं नाव दिलं होतं, म्हणून जुने शॉर्टकट हवेत. नाव पूर्वीचं केलं. नेटवर्क 'पब्लिक' धरलं गेलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. एका यूजरला पासवर्डच नव्हता, आणि रिकाम्या पासवर्डच्या यूजरला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. त्याला पासवर्ड दिला. बाकी संगणकांच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, जुन्या नोंदी पुसल्या. आख्खी डी ड्राइव्ह शेअर केली होती, ती काढून विभागवार फोल्डरं शेअर केली. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरची आणि फोल्डरची अशा दोन परवानग्या लागतात आणि त्यातली जी कडक ती चालते. दोन्हीकडे नियम लिहिले की कुठे काय अडलं ते शोधता येत नाही, म्हणून शेअरवर कार्यालयाच्या गटाला मोकळीक ठेवली आणि नियम फोल्डरवर ठेवले.

स्कॅनर मशीन जुनं, नेटवर्कवरून फायली पाठवायची फक्त एसएमबी-१ ही जुनी पद्धत समजणारं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या मांडणीत एसएमबी-१ चा सर्व्हरकडचा भाग आपोआप येत नाही, आणि ते योग्यच आहे. वान्नाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा २०१७ मधला फैलाव त्याच वाटेने झाला होता. एका स्कॅनरसाठी सगळ्या अशिलांच्या फायली धोक्यात घालायला मी तयार नव्हतो. मॅडमनाही ते पटलं. आता स्कॅन ईमेलवर येतात.

तपासणी, आणि जे परत मिळालं नाही

तपासणी ॲडमिनच्या लॉगिनवरून करून काही कळत नाही. प्रत्येकाला आपल्या टेबलावर बसवून एक फाइल बनवायला, बदलायला, नाव बदलायला आणि पुसायला लावलं. तितकंच महत्त्वाचं, जे उघडू नये तेही उघडून बघायला सांगितलं. आर्टिकलच्या मुलाने पगाराच्या फोल्डरवर क्लिक केलं आणि नकार आला, तेव्हा मॅडमनी ते स्वतः उभं राहून बघितलं. टॅली काकांच्या टेबलावरून आधी चाललं आणि जीएसटीआर-१ मुदतीत गेली.

एक फोल्डर मात्र गेलंच. मॅडमनी काही वर्षांपूर्वी गुणधर्मांत जाऊन 'एन्क्रिप्ट', म्हणजे मजकूर कुलूपबंद करायच्या पर्यायावर खूण केलेलं, आत काही अशिलांचे मालमत्तेचे कागद. फायलींच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत होतं. इथे मालकी घेऊन, परवानगी देऊन काही होत नाही, कारण फाइल उलगडणारी किल्ली जुन्या यूजरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पुसलेल्या सी ड्राइव्हवर होती, आणि तिचं प्रमाणपत्र बाहेर कुठेही काढून ठेवलेलं नव्हतं. फॉरमॅटच्या आधी ते पेनड्राइव्हवर घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. त्यातले बरेच कागद अशिलांना पूर्वी पाठवलेल्या ईमेलमधून परत मिळवले. बाकीच्यांसाठी मॅडम एकेका अशिलाला फोन करून प्रती मागत आहेत.

चारही गट, त्यातली माणसं आणि कुठल्या फोल्डरावर कुणाचा गट आहे याचा एक पानी तक्ता छापून मॅडमच्या कपाटात ठेवला आहे. परवानग्यांची नोंद दर महिन्याच्या बॅकअपसोबत बाहेरच्या डिस्कवर जाते. उरलेल्या चार संगणकांपैकी दोन अजून विंडोज १० वर आहेत. ती फॉरमॅट न करता आहे त्यावरच अपग्रेड करायची, आणि त्याआधी एन्क्रिप्ट केलेलं काही आहे का ते बघायचं, असं मॅडमनी काकांना लिहूनच दिलं आहे.